बोलका पट्टा

माझी बदली धुळ्याला झाली तेव्हा लाइनीतले सगळे म्हणाले, "भटू, तुझी चैन आहे." माझं गाव पांझरेच्या काठी. कॅम्पातून सायकल मारली की आईच्या हातची भाकरी गरम मिळायची. स्वातंत्र्य मिळून काही वर्षं झाली होती. मी नाईक होतो. ड्रायव्हर, मेकॅनिकल ट्रान्सपोर्ट. आमच्या थ्री-टनर लॉऱ्या महायुद्धातून उरलेल्या. माझ्या लॉरीच्या बोनेटला गोळीचं भोक होतं. सुटीत गावी गेलो की मी सांगायचो, ही गोळी माझ्याच नावाची होती, ऐन वेळी शिंक आली आणि मान खाली गेली म्हणून वाचलो. गोळी लागली त्या साली मी मराठी चौथीत होतो. पण भोक खरं होतं, आणि गोष्टीला तेवढं पुरतं.

हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढच्या मजकुरात कुठे माप वाढवलंय असं तुम्ही सिव्हिलियन मंडळी विचारणारच. वाढवलेलं तुम्हाला ओळखू येईल. बाकीचं जसं पाहिलं, ऐकलं, तसं लिहितो.

सॅपर जवानांची एक तुकडी तापीवर पूल बांधायचा सराव करत होती, चोपड्याच्या अलीकडे. जवान बहुतेक पंजाबचे. त्यांना आणि त्यांचं लोखंड धुळ्याहून नदीवर पोचवायचं, हे आमचं काम. सकाळी फॉल-इन. गाडीचं पाणी, तेल, हवा तपासायची. दोन लॉऱ्या एकामागोमाग निघायच्या. पुढे लान्स नाईक सुकलाल चौधरी, मागे मी.

सुकलाल नशिराबादच्या पलीकडचा, केळीवाल्या शेतकऱ्याचा मुलगा. अंगाने केळीच्या खांबासारखाच, उंच आणि गुळगुळीत. रँकने मला ज्युनियर, पण गाडी चालवण्यात माझा बाप. हे मी त्याच्या तोंडावर कधी म्हटलं नाही. तो मला तोंडावर बरंच काही म्हणायचा.

"भटू, तुह्या गोष्टीले ब्रेक हाय का नाही रे?"

"आहे. पण लायनर गेलेत."

"मंग उतारावर नको सांगत जाऊ. मानसं मरतीन."

आता रस्ता. धुळ्यापासून अर्धी वाट ठीक होती. त्यापुढे मुरमाचा रस्ता, आणि तापीच्या अलीकडे चार-पाच मैल असे की त्यावर आडव्या लाटा. घरावरचा पन्हाळी पत्रा काढून जमिनीवर आडवा अंथरला तर कसा दिसेल, तसा. कोणी त्या मुद्दाम पाडलेल्या नव्हत्या. चाकांनीच पाडल्या होत्या. एक चाक खड्याला अडखळतं, उडतं, पुढे आपटतं, तिथे मुरूम दबतो. दुसरं चाक त्याच जागी उडतं, थोडं जास्त. शंभर गाड्या गेल्या की लाट तयार, तिच्या पुढे दुसरी, आणि मग दिसेल तिथपर्यंत लाटाच लाटा.

अशा रस्त्यावर वीस मैलांच्या स्पीडला लॉरी घातली की काय होतं ते सांगतो. आधी स्टेअरिंग मनगटात शिरतं. मग कोपरात. मग दाढा. डोळ्यांसमोरचं सगळं दुहेरी होतं. नट आपोआप फिरून सैल होतात आणि एकेक करून रस्त्यावर पडतात. कमानपाट्याची पानं मोडतात. दिव्यातली तार तुटते. मी धुळ्याला दुधाची किटली केबिनमध्ये टांगायचो आणि तापीवर तिच्यातून लोणी काढायचो. एकदा ताकसुद्धा बऱ्यापैकी झालं होतं. आमच्या सुभेदार साहेबांची कवळी त्या पट्ट्यावर तोंडातल्या तोंडात उलटी झाली आणि त्यांनी संध्याकाळपर्यंत दिलेली एकही ऑर्डर कोणाला कळली नाही. काम मात्र त्या दिवशी वेळेत झालं.

उपाय दोनच. एक, बैलगाडीच्या चालीने जाणे. कंपनीची ऑर्डर तशीच होती, दहाच्या वर काटा नको. दुसरा, काटा चाळीसच्या पुढे नेणे. तेवढ्या वेगात चाकाला लाटेच्या पोटात उतरायला वेळच मिळत नाही. ते माथ्यामाथ्यावरून जातं. खडखड एकदम थांबते. गाडी तरंगते. ऐकायला छान वाटतं, पण तरंगत्या गाडीला जमीन नसते. ब्रेक मारला तरी लागत नाही, स्टेअरिंग फिरवलं तर गाडी आपल्या मर्जीने वळते. सगळे ड्रायव्हर साहेब बघत असतील तेव्हा पहिला उपाय करायचे.

या पट्ट्याला गावातली माणसं म्हणायची, "तठे रस्ता बोलस." तिथे रस्ता बोलतो.

आम्ही हसलो. मग ऐकलं.

सकाळी धुळ्याहून निघालं की त्या पट्ट्यावर गाडी ऐन दुपारी पोचायची. मे महिन्यातली खानदेशची दुपार. झाडावर कावळा नाही, वाटेवर माणूस नाही. दोन्ही बाजूंना केळीच्या बागा, त्यांच्या आत अंधार. रस्त्यावर पाणी साचल्यासारखं दिसतं आणि जवळ गेलं की पुढे सरकतं. अशात गाडी वीसवरून तिसावर जाताना मध्ये एक क्षण येतो. सगळी खडखड, फळ्या, साखळ्या, टप, दार, एका सुरात येतात आणि त्या सुरातून माणूस बोलल्यासारखं होतं. शब्द अर्धवट. पलीकडच्या खोलीत कोणी बोलत असावं तसे.

मला माझं नाव ऐकू यायचं. वडलांच्या नावासकट, शाळेत हजेरी घेतात तसं. आमच्या कुकला त्याच्या सासूचा आवाज आला. तो म्हणाला, तीन वर्षांपूर्वी वारलेली असूनही मीठ कमी पडल्याचं बोलली. कॅप्टन साहेबांना विचारलं तर ते म्हणाले, "इट इज ओन्ली व्हायब्रेशन." दुसऱ्या दिवशी ते जीपमध्ये कानात कापूस घालून बसले.

आरशाचंही तेच. थरथरीने आरशात एकाची दोन दिसतात, हे मला ठाऊक होतं. पण मी शेवटची गाडी. माझ्या मागे रिकामा रस्ता. त्या रिकाम्या रस्त्यावर धुळीतून एक लॉरी माझ्यामागे येताना दिसायची. बोनेटला भोक असलेली. मी थांबलो की नसायची. मी आरसा फिरवून भिंतीकडे केला, म्हणजे दाराकडे. तसाच चालवत राहिलो. मागे बघायचं मला तसंही काय होतं.

पट्ट्याच्या सुरुवातीला एक कडूनिंब आणि विहीर होती. तिथे उखा आबा बसलेले असत. वय विचाराल तर माझ्या हिशेबाने एकशेदहा, त्यांच्या हिशेबाने "पिकेल शे", म्हणजे पिकलंय. आम्ही रेडिएटरमध्ये पाणी घालायला थांबलो की ते बिडी मागायचे. एकदा सुकलालने त्यांना विचारलं, रस्ता कधीपासून बोलतो.

आबा म्हणाले, "तुमनी गाडी येवाना पह्यले आमना घरमा हांडा वाजतस. जमीन सांगस त्यास्ले, गाडी ई ऱ्हायनी."

"मग बरंय की. तुम्हाला आधी कळतं," मी म्हणालो.

"कव्हय कव्हय हांडा वाजतस," आबा बिडी विझवत म्हणाले, "आन गाडी येसच नही."

सुकलालने रेडिएटरचं झाकण लावलं आणि आम्ही पुढे निघालो. तापीवर चहा पिताना म्हणाला, "भटू, हा रस्ता म्हंजे ग्रामोफोनची तबकडी हाय. तिच्यावर बी अशाच लाटा असतात, बारीक. आपली गाडी म्हंजे सुई."

"मग गाणं कोणी भरलं रे त्याच्यात?"

"ज्यानं ज्यानं चाक फिरवलं, त्यानं."

"तुला काय ऐकू येतं?"

"मले?" तो हसला. "मले काहीच नाही. नुसती घरघर. मी तिच्या सुरात सूर लावतो, मजा येते."

सगळ्या कंपनीत तो एकटा, ज्याला रस्ता काही बोलला नाही.

मेच्या अखेरीस साताऱ्याकडचा एक हवालदार आमच्याकडे बदलून आला. माणूस शिस्तीचा, आवाज खणखणीत, शर्टाची इस्त्री अशी की माशी बसली तर तिचे पाय कापावेत. खानदेशी बोली त्याने आयुष्यात ऐकली नव्हती. पहिल्याच दिवशी कॅन्टीनवाल्याने त्याला "चहा शे" म्हणून सांगितलं, तर तो "नसू दे" म्हणून परत गेला. त्याच्या गावी कोणी 'छे' म्हटलं म्हणजे साफ नाही. इकडे 'शे' म्हटलं म्हणजे आहे. आम्ही त्या गोष्टीवर दोन दिवस हसलो. नुसता चहाच हुकला होता, म्हणून हसता आलं.

त्या आठवड्यात नदीवर बुलडोझर न्यायचा होता. मोठा ट्रेलर, त्यावर तो यंत्राचा डोंगर. तो एके दिवशी पट्ट्यावरून गेला. आबांच्या घरचे हंडे त्या दिवशी नुसते वाजले नाहीत, फळीवरून खाली आले. पट्ट्याच्या शेवटाला एक जुनी दगडी मोरी होती. ट्रेलर पार झाला, पण मोरीचे दगड आतून सुटले. दुसऱ्या दिवशी सकाळी, वर काहीही नसताना, ती मधोमध बसली. रस्त्याच्या रुंदीएवढं तोंड उघडलं. खाली नाला, कोरडा, दोन पुरुष खोल, दगडांनी भरलेला. लांबून काही दिसायचं नाही, कारण लाटांवर ऊन नाचत असायचं.

गावकऱ्यांनी बाभळीच्या फांद्या आणून आडव्या टाकल्या. त्या वाऱ्याने सरकल्या की शेळ्यांनी ओढल्या, कोण जाणे. आबांना सांगितलं, तुम्ही निंबाखाली बसा आणि गाड्या अडवा.

हे सगळं आम्हाला नंतर कळलं.

मोरी बसली त्याच दिवशी पुढच्या लॉरीत स्टेअरिंगवर सुकलाल, डाव्या बाजूला हवालदार साहेब, मागे चौदा जवान. मागच्या लॉरीत मी आणि पुलाचं लोखंड. धूळ फार होती म्हणून मी दोन फर्लांग मागे राहिलो होतो. काचा वर. केबिनमध्ये भट्टी.

निंबाखाली आबांनी काठीला उपरणं बांधून हलवलं. सुकलालने गाडी हळू केली. इंजिन चालूच. त्या लॉरीचं इंजिन उभ्या जागी चालू असलं तरी टप हलायचा, दार वाजायचं, सगळा सांगाडा थरथरायचा. हवालदार साहेबांनी मान बाहेर काढून विचारलं, "काय आबा, म्होरं काय धोका हाय का?"

आबा म्हणाले, "शे, शे! बठ्ठी मोरी पडनी!"

म्हणजे: आहे, आहे! सगळी मोरी पडली.

हवालदार साहेबांनी मान आत घेतली. "छे छे म्हणतोय. म्होरं भट्टी हाय म्हणं कसली तरी, इटाची असंल. चल."

सुकलाल उजव्या बाजूला बसलेला. मध्ये इंजिन. त्याला आबांचा शब्द पोचलाच नाही, साहेबांचा पोचला. त्याने गियर टाकला. साहेब नवे, त्यांना थरथरीचा त्रास नको, म्हणून त्याने काटा सरळ चाळीसच्या पुढे नेला. हे साहेबांनी नंतर स्वतः सांगितलं. ते म्हणाले, एकदम सगळं शांत झालं, मला बरं वाटलं.

मी निंबापाशी पोचलो तेव्हा आबा रस्त्याच्या मधोमध उभे होते आणि पुढे गेलेल्या धुळीकडे बघत होते.

"काय झालं, आबा?"

"मी सांगं ना त्यास्ले! शे, शे म्हनी! बठ्ठी मोरी पडनी म्हनी! तरी ग्यात ना भो त्या!"

चहाची गोष्ट माझ्या डोक्यात यायला जेवढा वेळ लागला तेवढाच. गाडी मी गियरमध्ये टाकली होती.

तुम्ही लोक नेहमी विचारता, हॉर्न का नाही वाजवला. वाजवला. पट्ट्याने त्याची तार केव्हाच तोडली होती, बटण नुसतं आत गेलं. दिवे दाखवले असते तर बल्ब गेलेले, आणि दुपारच्या उन्हात दिवा कोण बघणार. सुकलालच्या आरशात त्याच्याच धुळीशिवाय काही दिसणार नव्हतं. रायफल मागे क्लिपला, लोखंडाच्या पलीकडे. उतरून ती काढेपर्यंत तो हाताबाहेर गेला असता. वायरलेस सेट नदीवर होता, गाडीत नव्हता. माझ्याकडे एकच गोष्ट उरली होती, स्पीड. त्याला गाठायचं, नाहीतर निदान त्याच्या शेजारी जाऊन हात करायचा.

वीस. तीस. सगळी लॉरी सुटी होऊन पडेल असं वाटलं. तो मधला सूर आला, आणि त्या दिवशी त्यात माझं नाव नव्हतं. काहीच नव्हतं. कान देऊन ऐकतंय असं काहीतरी होतं. मग काटा चाळीसवर गेला आणि खडखड थांबली.

तरंगणं मला नवीन नव्हतं. पण त्या दिवशीची शांतता निराळी होती. इंजिनाचा आवाजसुद्धा दूर गेला. समोर फक्त धूळ, दोन्हीकडे केळी, पानं हलत नव्हती. स्टेअरिंग हातात हलकं, कशालाच जोडलेलं नसल्यासारखं. धुळीच्या आत सुकलालची लॉरी दिसत नव्हती. अंतर कमी होत नव्हतं. तोही तरंगत होता, मीही.

मी ओरडलो. बंद काचांच्या आत, दोन फर्लांगांवरून, इंजिनाच्या मागून. ड्रिल हवालदाराचा आवाजसुद्धा तिथे बोनेटच्या पुढे गेला नसता. मला ते कळत होतं. तरी मी ओरडलो, आणि शिकलेलं मराठी नाही, हिंदुस्तानी नाही, आईच्या भाषेत ओरडलो.

"उभा ऱ्हाय! उभा ऱ्हाय! उभा ऱ्हाय!"

थांब, थांब.

पुढची धूळ डावीकडे वळली.

सरळ जाणारी धूळ अशी वळताना मी कधी पाहिली नव्हती. ती रस्ता सोडून केळीच्या बागेत शिरली आणि तिच्यातून हिरवी पानं उडाली. मग आवाज आला. एकच. मी ब्रेकवर उभा राहिलो. गाडी आडवी झाली, तशीच घसरत गेली आणि मोरीच्या तोंडापासून एका लॉरीच्या लांबीवर थांबली. इथे मी माप वाढवत नाही. एका लॉरीच्या लांबीवर.

सुकलालने लॉरी डावीकडे घेतली होती. तरंगत्या गाडीला तो जेवढा वळवू शकत होता, तेवढी ती वळली. पुढची डावी बाजू बागेत गेली. मागचे जवान केळीच्या खांबांवर फेकले गेले. केळीचा खांब आतून पाण्याचा असतो, तो माणसाला मोडत नाही, स्वतः मोडतो. कोणाचा हात गेला, कोणाची फासळी. हवालदार साहेबांच्या गळ्याजवळचं हाड मोडलं. उजवी बाजू वळायला कमी पडली. ती मोरीच्या दगडी कठड्यावर बसली. उजव्या बाजूला सुकलाल होता.

मी पोचलो तेव्हा तो गेलेला होता. इंजिन बंद पडलं होतं. तरी दार थरथरत होतं. मी हाताने धरलं तेव्हा थांबलं.

जखमींना माझ्या लॉरीतलं लोखंड खाली टाकून धुळ्याला आणलं. दहाच्या चालीने. सगळा पट्टा कोणी कण्हलं नाही, कोणी बोललं नाही, आणि लॉरीच्या फळ्यासुद्धा वाजल्या नाहीत. हे का, ते मला विचारू नका.

दोन दिवसांनी मी हॉस्पिटलात गेलो. कोपऱ्यातल्या खाटेवर एक शीख जवान होता, पाय प्लास्टरमध्ये. मराठीचा एक शब्द त्याला येत नव्हता. त्याने मला जवळ बोलावलं.

"उस्ताद, ये 'उबाराय' क्या होता है?"

"क्या?"

"उबाराय, उबाराय. तीन बार. गाड़ी बिलकुल चुप हो गई थी. फिर नीचे से आवाज़ आई. तख़्तों में से. हम समझे नीचे कोई आदमी है."

शेजारच्या खाटेवरचा म्हणाला, "मैंने भी सुना." त्याच्या पलीकडचा नुसती मान हलवत होता.

"रुक जाओ," मी अर्थ सांगितला आणि त्यात माझ्याकडून काही वाढवलं नाही. ज्यांनी मला ओळखलंय त्यांना हेच सगळ्यात मोठं नवल वाटेल.

हवालदार साहेब पुढच्या खोलीत होते. त्यांनी कोर्ट ऑफ इन्क्वायरीला सगळं जसंच्या तसं सांगितलं. 'शे' आणि 'छे'सुद्धा, स्वतःला न वाचवता. पुढे रिटायर होईपर्यंत त्या माणसाच्या तोंडून 'छे' हा शब्द कोणी ऐकला नाही. नाही म्हणायचं तर तो "नाही" म्हणायचा, हळू, समोरच्याच्या ओठांकडे बघत. त्या दिवशी मी त्यांना एवढंच विचारलं, "साहेब, सुकलालला मोरी दिसली होती का?"

"कुणालाच दिसली नव्हती. नुसतं पाणी दिसत हुतं उन्हाचं."

"मग गाडी वळवली कशी?"

त्यांनी छताकडे बघितलं. "गाणं गुणगुणत हुता. एकदम थांबला. मान अशी खाली केली, कुणी पायाशी बोलल्यागत. 'ओ' म्हणाला. घरातनं हाक आली की म्हणतो आपण, तसा. आन चाक डावीकडं घेतलं."

सुकलालला आम्ही त्याच्या गावी नेला होता अपघाताच्या दुसऱ्याच दिवशी, हॉस्पिटलच्या या गोष्टी कळायच्या आधी. गाडी मीच चालवली. पारोळा, एरंडोल, गिरणा ओलांडून पिंप्राळा, मग जळगाव, नशिराबाद. वाटेत जिथे जिथे खराब रस्ता आला तिथे मी उतरून चालावं तशी गाडी नेली. एस्कॉर्टचा कमांडर दोनदा म्हणाला, लेट होतोय. मी म्हणालो, होऊ द्या. त्याला आता आणखी हादरे नकोत.

तेव्हा त्याच्या वडलांनी मला काही विचारलं नव्हतं. बंदुका वाजल्या, सलामी झाली, ते हात जोडून उभे राहिले. महिन्याभराने मी रजा घेऊन पुन्हा गेलो. त्याचे वडील, नाना, बागेतच सापडले, केळीच्या बुंध्याला फुटलेलं पील काढत. मला ओळखून पाणी दिलं. बांधावर बसलो.

"भटू," ते म्हणाले, "पोरगं पत्रात लिहे, तू लय फेकतो म्हनून. मी आज तुले एक इचारतो. फेकू नको."

"नाही फेकणार, नाना."

"त्याले काही कळलं का, का झोपेत मानूस जाते तसा गेला?"

मी सगळं सांगितलं. चहाचं, आबांचं, हॉर्नचं, माझं ओरडणं, शीख जवान, 'ओ'. सांगताना माझ्याच लक्षात आलं की हे माझ्या आजवरच्या सगळ्या गोष्टींपेक्षा खोटं वाटतंय. मी मध्येच थांबलो आणि म्हणालो, "नाना, माझ्यावर नका विश्वास ठेवू. त्या जवानांची गाठ घालून देतो."

नानांनी पिलाची माती झटकली.

"तू काय म्हनून हाक मारली त्याले?"

"उभा ऱ्हाय."

"अन् त्यानं ओ देला."

"हो."

"लहानपनी हाक मारली तं तिसऱ्या खेपेले बी ओ देत नव्हता तो," नाना म्हणाले. "बागेत लपून बसे." त्यांनी पील खड्ड्यात ठेवलं आणि दोन्ही हातांनी माती दाबली. "म्हंजे जाताना कोनी तरी हाक मारनारं होतं त्याच्या मांगं. एकला नव्हता."

"नव्हता, नाना."

"मंग त्याच्या मायले हे सांग. मले सांगता येनार नाही."

मी आत गेलो आणि सांगितलं.

पुढे तो रस्ता डांबरी झाला. मी हवालदार होऊन रिटायर झालो. तापीकडे जाताना बस त्या नव्या मोरीवरून जाते तेव्हा मी बाकाच्या दांडीला हात लावून बसतो. शेजारचे विचारतात, भाऊ, काही होतंय का. मी त्यांना गोळीच्या भोकाची गोष्ट सांगतो.

लान्स नाईक सुकलाल चौधरी, ड्रायव्हर. त्याच्या लॉरीत मागे चौदा जवान होते. चौदाही आपापल्या घरी गेले.